दाराबाहेरच्या चपला

दारात कुणी नवा माणूस उभा राहिला की ते आधी त्याच्या तोंडाकडे बघायचेच नाहीत. खाली बघायचे. दाराबाहेर चपला-बुटांची ही रांग लागलेली असायची. मग उजव्या पायानं काही जोड इकडे, काही तिकडे सरकवायचे, मधे एका जोडापुरती फट करायचे आणि म्हणायचे, "काढा इथे. जागा असत नाही हो, करावी लागते."

आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. खरं नाव सांगत नाही. सांगितलं तर डब्लिनमधल्या कितीतरी मराठी लोकांना आपल्या पाठीखालची गादी आठवेल, आणि ती आठवण करून दिलेली त्यांना आवडत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुम्हीही कुठल्या ना कुठल्या गावात असा माणूस पाहिला असेल. पाहिला असेल तर त्याचं पुढे काय झालं ते आठवून बघा.

मी नाशिकहून डब्लिनच्या सँडीफोर्ड भागातल्या कंपनीत आले तेव्हा कंपनीनं पाठवलेल्या मेलमध्ये लिहिलं होतं की शहरात घर मिळायला थोडा वेळ लागू शकतो. थोडा म्हणजे किती, ते लिहायला विसरले होते. हॉटेलची मुदत संपत आली आणि माझ्या हातात घर सोडा, घर बघायला या असं सांगणारा एक फोनसुद्धा नव्हता. दादा माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचे. माझी रोजची रडकथा त्यांच्या कानावर पडत होती. एकदा त्यांनी खुर्ची वळवली.

"हॉटेल कधीपर्यंत आहे?"

"शुक्रवारपर्यंत."

"मग शनिवारी बॅगा घेऊन ये. विचारत नाहीये, सांगतोय."

आपल्याकडे म्हणतात घर पाहावं बांधून. डब्लिनमध्ये घर पाहावं रांगेत उभं राहून. एका फ्लॅटसाठी रांग कोपऱ्यावरून वळून पुढच्या रस्त्यावर गेलेली, प्रत्येकाच्या हातात फाइल, पगाराची कागदपत्रं, आधीच्या मालकाचं शिफारसपत्र. आणि मग आत जाऊन दोन मिनिटं खिडकी बघायची, "लव्हली" म्हणायचं आणि घरी येऊन वाट बघत बसायचं. उत्तरसुद्धा येत नाही हो. नकारसुद्धा देत नाहीत!

दादांचा फ्लॅट दोन बेडरूमचा, भाड्याचा. एका खोलीत दादा-वहिनी, दुसरीत त्यांची मुलगी मुक्ता आणि हॉलमध्ये आम्ही. आम्ही म्हणजे त्या त्या वेळी ज्यांना डोक्यावर छप्पर नव्हतं ते सगळे. मी होते तेव्हा माझ्याबरोबर पुण्याची एक विद्यार्थिनी होती आणि सोफ्याच्या पलीकडे, दोरीवर टाकलेल्या चादरीच्या आड, साताऱ्याचा एक इंजिनिअर. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. वहिनींच्या घरातली कुठलीही प्रेस उघडली की आतून उशी अंगावर पडायची. ताटं कुठे ठेवायची, म्हणून ताटं ओव्हनमध्ये. ओव्हन लावायचा झाला की आधी ताटं काढायची, आणि ती कुठे ठेवायची यावर चर्चा.

मुक्ता इथेच वाढलेली. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत, तेही अस्सल इथल्या सुरात. एकदा ती हॉलमधून ओरडली, "डॅड, देअर्स अ मॅन स्लीपिंग ऑन माय बायॉलॉजी!" साताऱ्याचा तिच्या पुस्तकावर डोकं ठेवून घोरत होता. आम्ही पोट धरून हसलो. वहिनीही हसल्या. मग स्वयंपाकघरात कणीक मळता मळता मला म्हणाल्या, "यांना सगळं जग दिसतं गं. घरातलं माणूस दिसत नाही." आणि परत पाण्याचा हात घेऊन मळायला लागल्या.

दादांना सांगून उपयोग नव्हता. ते लहानपणी म्हणे इचलकरंजीत अशाच घरात वाढलेले. गावाकडून शिकायला येणारा प्रत्येक पोरगा त्यांच्याकडे उतरायचा. त्यांचा पक्का समज होता की शहरात गर्दी होते ती माणसं जास्त झाल्यामुळे नाही, दारं बंद ठेवल्यामुळे. मी वाद घालायची. "दादा, हा काही उपाय नाही. किती जणांना घालाल हॉलमध्ये?" ते म्हणायचे, "उपाय सरकार करेल तेव्हा करेल. तोपर्यंत तू झोपणार कुठे?" मी त्यांच्याच गादीवर बसून वाद घालत होते.

उपाय त्यांनी सुचवला नाही असंही नाही. आमच्या ऑफिसचा सगळ्यात वरचा मजला, लोक घरून काम करायला लागल्यापासून, रिकामा पडला होता. दिवे चालू, हीटिंग चालू, कुंड्यांना पाणी घालायला माणूस यायचा. राहायला फक्त झाडं. कंपनीनं नव्या कल्पनांची स्पर्धा ठेवली तेव्हा दादांनी रीतसर मांडणी केली: परदेशातून येणाऱ्या नव्या लोकांना पहिले काही महिने त्या मजल्यावर राहू द्या, अंघोळीच्या सोयी आहेतच, पार्टिशन घाला, कौन्सिलकडून परवानगी काढा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, "फेअर प्ले टु यू!", म्हणजे इथलं शाब्बास. पहिलं बक्षीस मिळालं. एक पाण्याची बाटली, कंपनीचं चिन्ह छापलेली. मजला आजही रिकामा आहे आणि कुंड्या एकदम ग्रँड आहेत.

त्यांच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये एक सूचना लावलेली होती. आगीच्या धोक्यामुळे कॉरिडॉरमध्ये कुठलीही वस्तू ठेवू नये. मी दादांना ती दाखवली. ते म्हणाले, "वस्तू म्हणजे सायकल, बाबागाडी. चपला काय वस्तू आहेत?" आणि खरंच, आपल्यापैकी कुणाला वाटेल चपला वस्तू आहेत म्हणून? चपला घरात न्यायच्या नसतात, बस. बाहेरची घाण बाहेर. त्यासाठी कुणाची परवानगी घ्यायची असते हे आपल्या सात पिढ्यांना माहीत नाही.

यथावकाश मला घर मिळालं, नवरा आला, आणि पुढे मला देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, गॉलवेला वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून आम्ही तिकडे गेलो. साताऱ्याच्याचंही बरं झालं. त्यानं दादांच्या घरापासून जवळच, छोट्या बागेचं घर विकत घेतलं. वास्तुशांतीला दादांना पहिलं पान वाढलं, पाया पडला. दादा सगळ्यांना सांगत सुटले, "आमच्या हॉलमधून गेलेला पहिला घरमालक!" एवढे खूश तर ते स्वतःच्या बढतीलाही नव्हते.

वर्ष फिरलं नाही तोच त्या भागात भाड्याच्या घरांचा एक उंच टॉवर बांधायचा प्रस्ताव आला. दादांना कोण आनंद! रहिवाशांची सभा होती एका हॉलमध्ये, तिथे ते आवर्जून बोलायला गेले. मी शनिवार-रविवार त्यांच्याकडे आले होते, मलाही ओढून नेलं. सभेत जो उठेल तो आधी म्हणायचा की घरं बांधली पाहिजेत, तरुणांचे फार हाल आहेत, आणि मग म्हणायचा, पण इथे नको. रहदारी वाढेल, सावली पडेल, शाळेत जागा उरणार नाही. दादा उठले, म्हणाले की सावलीखाली माणूस राहू शकतो, रस्त्यावर नाही राहू शकत. थोड्या टाळ्या पडल्या. हरकतीच्या अर्जावर सह्या चालल्या होत्या आणि त्या रांगेत आमचा साताऱ्याचा उभा होता. दादांना बघून तो ओशाळलाही नाही.

"दादा, माझा घरांना विरोध नाही. पण उंची बघा ना. आमच्या बागेत दुपारनंतर ऊनच येणार नाही."

दादा म्हणाले, "ऊन... हो, ते आहेच." आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून बाहेर आले.

मी वाटभर त्या माणसाला शिव्या घालत होते. आयर्लंडमध्ये ऊन! वर्षातून चार दिवस पडतं, तेही चुकून, आणि त्यासाठी हा सही करतो! ज्याच्या डोक्याखाली मुक्ताचं पुस्तक होतं तो! दादा एवढंच म्हणाले, "घर झालं की माणसाला ऊनही लागतं. चालायचंच." मला त्यांचा राग आला, आणि अजून येतो. असल्या लोकांना माफ करून करूनच हे असले लोक होतात.

मुक्ता शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हा घरमालकाच्या एजंटनं तपासणीला येत असल्याचं कळवलं. इथे तशी पद्धत आहे, आधी दिवस कळवून येतात. त्या वेळी हॉलमध्ये नोकरीवर नवी आलेली तीन मुलं होती, आणि भाडेकरारावर नावं फक्त घरच्यांची. वहिनींनी हात जोडले होते म्हणे, "पोरीची परीक्षा होईपर्यंत तरी हे थांबवा. हे घर गेलं तर तिची शाळा कुठून होणार?" दादांनी मान्य केलं. ही तिघं गेली की पुढे परीक्षेपर्यंत कुणाला घ्यायचं नाही. फक्त ही तपासणी निभावली की झालं.

मग त्यांनी काय तयारी केली! गाद्या गाडीच्या डिकीत कोंबल्या. ब्रश, टॉवेल, बॅगा, सगळं प्रेसमध्ये. मुलांना शॉपिंग सेंटरला पिटाळलं. ताटं ओव्हनमधून काढून टेबलावर मांडली. फरशी अशी पुसली की वहिनी स्वतःच घसरल्या. उदबत्तीसुद्धा लावली नाही, धुराचा अलार्म वाजायला नको म्हणून. घरात चूक म्हणून बोट ठेवायला जागा नव्हती.

एजंट बाई आली, बेल वाजवली. दादांनी हसत दार उघडलं. ती आत बघतच नव्हती. खाली बघत होती.

दाराबाहेर नेहमीसारखी रांग होती. मुलं रनर्स, म्हणजे खेळाचे बूट, घालून बाहेर गेली होती, पण त्यांचे ऑफिसचे बूट, पावसात भिजून वाळत ठेवलेले बूट, कोल्हापुरी, अंगठा तुटलेली स्लिपर, सगळं जिथल्या तिथे, भिंतीशी नीट लावलेलं. घराचा कानाकोपरा आवरला, आणि उंबऱ्याबाहेर कुणाची नजरच गेली नाही. एवढ्या मोठ्या माणसांना, शिकलेल्या माणसांना सुचलं नाही! मला विचाराल तर मलाही सुचलं नसतं. उंबऱ्याबाहेरच्या चपला म्हणजे घरात माणसं आहेत, भरलं घर आहे, एवढंच आपल्याला त्यातून दिसतं.

"पार्टी आहे का?" बाईनं विचारलं.

दादांना खोटं बोलता येत नाही. ते म्हणाले, "नाही. पाहुणे आहेत."

"बरेच दिवसांचे दिसतात," ती म्हणाली. फोन काढून तिनं रांगेचा फोटो घेतला. मग पायातल्या बुटांसकट आत शिरली आणि त्या चकचकीत पुसलेल्या फरशीवरून सगळ्या खोल्यांतून फिरून आली. आतमध्ये तिला काहीही सापडलं नाही. गरजही नव्हती.

आधी इशारा आला, मग घर सोडायची नोटीस. कराराबाहेरची माणसं, गर्दी, आगीचा धोका. लोकांनी सांगितलं, तक्रार करा, भांडा, ते काय सिद्ध करणार? दादा म्हणाले, "फोटो आहे तिच्याकडे. आणि फोटोत खोटं काय आहे?"

आता रांगेत उभं राहायची पाळी त्यांची होती. कधी मुक्तालाही न्यायचे, कुटुंब दिसलं म्हणजे बरं असतं असं कुणीतरी सांगितलं म्हणून. पण सगळीकडे आधीच्या मालकाचं शिफारसपत्र मागायचे, आणि त्यांचा मालक काय लिहिणार होता? चांगले आहेत, फक्त अर्धा महाराष्ट्र आणून ठेवतात?

मग त्यांनी फोन करायला सुरुवात केली. हा त्यांचा स्वभाव नव्हे. मुक्ताची परीक्षा होईपर्यंत एक खोली, एवढंच मागत होते. जे त्या हॉलमध्ये राहून गेले त्यातल्या एकाची बायको बाळंतीण होती. दुसऱ्याचा मालक खालच्याच मजल्यावर राहायचा. कुणाच्या करारात पाहुणे चालत नव्हते, कुणाकडे आधीच कुणी होतं. खोटं कुणीच बोलत नव्हतं, हेच तर वाईट. सगळ्यांच्या अडचणी खऱ्या होत्या. फक्त साताऱ्याच्याकडे एक खोली चक्क रिकामी होती. तो म्हणाला, "दादा, पुढच्या महिन्यात आईबाबा येणार आहेत." आईबाबा आले पुढच्या वर्षी. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं.

मी गॉलवेहून फोन केला. म्हटलं, "मुक्ताची शाळा आहे हे कळतंय, पण तुम्ही आणि वहिनी तरी इकडे या. आमच्याकडे जागा करू."

ते म्हणाले, "तुझ्या लीजवर कुणाकुणाची नावं आहेत?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी कुणालाही विचारला नव्हता. मला रडूच आलं. मी म्हटलं, "ते माझं मी बघेन." ते म्हणाले, "नाही गं. एक घर घालवलंय, पुरे."

शेवटी घर फुटलं. वहिनी इचलकरंजीला परत गेल्या, सासूबाईंकडे. मुक्ताला तिच्या वर्गातल्या एका मैत्रिणीच्या आईनं आपल्या घरी ठेवून घेतलं, अगदी छोट्या खोलीत, परीक्षेपर्यंत. त्या आयरिश बाईशी यांची ओळख शाळेच्या फाटकात "हाउ आर यू" करण्यापुरती. तिनं काही विचारलं नाही, नुसती म्हणाली, "शुअर, शी'ल बी ग्रँड." त्या माउलीचं भलं होवो. दादा एका घरात बिछाना भाड्यानं घेऊन राहिले, खोलीत आणखी अनोळखी माणसं. तिथेही मधूनमधून तपासणी व्हायची, आणि त्या दिवशी जादा माणसांनी बाहेर जाऊन बसायचं असा नियम होता. पन्नाशीला आलेला माणूस, हातात पिशवी घेऊन, शॉपिंग सेंटरमध्ये बसून राहायचा. एकदा मुक्तानं त्यांना तिथे पाहिलं. ती मैत्रिणींबरोबर होती. ती त्यांच्यापर्यंत गेली नाही आणि त्यांनीही हाक मारली नाही. हे मला मुक्तानंच नंतर फोनवर सांगितलं. तेवढं एक वाक्य तिनं मराठीत सांगितलं, "बाबा पिशवी धरून बसले होते."

त्यांचा जुना फ्लॅट लगेच पुन्हा भाड्यानं लागला. जाहिरातीत हॉलचा फोटो होता आणि खाली 'प्रशस्त' असं लिहिलं होतं. तिथे आता आमच्या वेळी होती तेवढीच माणसं राहतात असं कळलं, हॉलमध्येसुद्धा बिछाने. पण प्रत्येक बिछान्याचं वेगळं भाडं आहे. त्याला गर्दी म्हणत नाहीत, शेअरिंग म्हणतात. आणि तो टॉवर झाला नाही. साताऱ्याच्याच्या बागेत ऊन येतं.

मुक्ता पास झाली, चांगली झाली, आणि पुढच्या शिक्षणाला वॉटरफोर्डला गेली. तिला वसतिगृहात खोली मिळाली, एकटीची. दादांनी नोकरी सोडली. इचलकरंजीला परत जाण्याआधी ते गॉलवेला माझ्याकडे दुपारचे जेवायला आले. मी वांग्याची भाजी केली होती, भाकरी केली होती. बेल वाजली तशी मी धावत गेले.

दाराबाहेर आमच्या दोघांच्या चपला होत्या, बाकी सगळा कॉरिडॉर मोकळा. तरी मी, अगदी त्यांच्यासारखं, उजव्या पायानं आमचे जोड बाजूला सरकवले आणि म्हटलं, "काढा इथे, दादा. जागा असत नाही, करावी लागते."

ते हसले. वाकून बूट काढले, आणि ते हातात उचलून आत आले.

"अहो, राहू द्या ना बाहेर! इथे कोण बघतंय?"

"बघतात," ते म्हणाले. "एखादा जुना पेपर असेल तर दे."

मी पेपर दिला. त्यांनी तो सोफ्याच्या मागे, बाहेरून दिसणार नाही असा अंथरला आणि त्यावर बूट टाचा भिंतीला लावून नीट ठेवले. भाकरीला नावं ठेवत पोटभर जेवले. इचलकरंजीचं घर मोठं आहे, म्हणाले, वहिनी वरच्या खोल्या उघडतच नाहीत, झाडायला कोण? जाताना बूट आतच घातले, पेपरची घडी करून माझ्या हातात दिली आणि जपून, कडेकडेनं लिफ्टकडे गेले.

मी दारात उभी राहिले. बाहेर जागाच जागा होती.